आईने सही केलीच कशी? जिम मार्टिनच्या कागदांविषयी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमचा मुलगा मेलबर्नला नववीत आहे, चौदा वर्षांचा. शाळेत पहिल्या महायुद्धातल्या, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या गॅलिपोलीच्या लढाईवर लिहून आणायला सांगितलं आणि त्याने जिम मार्टिन हा ऑस्ट्रेलियन सैनिक निवडला, कारण आईच्या सहीचं संमतिपत्र घेऊन भरती झालेला जिम तिथे गेला तेव्हा त्याच्याच वयाचा होता. सगळं वाचून झाल्यावर रात्री जेवताना त्याने तुम्हाला विचारलं, "पण आई, त्याच्या आईने सही केलीच कशी? ती वाईट होती का?" तुम्ही लिहिलंय की घास हातातच राहिला.

मी गेली वीस-बावीस वर्षं पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या फायली वाचतो आहे. आधी नोकरीचा भाग म्हणून, निवृत्तीनंतर आपणहून. कुणाचा पणजोबा असतो, कुणाच्या आजीचा भाऊ. घरच्यांना कागद लावून द्यायचे, जुनं अक्षर वाचून दाखवायचं, शिक्क्यांचा अर्थ सांगायचा, हे माझं काम. त्यामुळे तुमच्या मुलाला मी कागदांच्या बाजूनेच उत्तर देऊ शकतो. आधी उत्तर सांगून टाकतो: नाही, ती वाईट आई नव्हती. मुलाला पाठवायचं की नाही हे तिच्या हातात उरलंच नव्हतं. तो स्वतःच्या नावाने जाणार की कुणा भलत्याच्या नावाने, एवढंच तिच्या हातात होतं.

हे पटायचं तर जरा मागून सुरुवात करायला हवी.

जेम्स चार्ल्स मार्टिनचा जन्म ३ जानेवारी १९०१ चा, न्यू साउथ वेल्समधल्या टोकमवालचा. मरे नदीच्या काठचं गाव. सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हा देश झाला तो १ जानेवारी १९०१ ला, म्हणजे देश त्याच्याहून दोनच दिवसांनी मोठा. सहा भावंडं, पाच बहिणी आणि हा एकटा भाऊ, वयाने तिसरा. वडील चार्ल्स न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून आलेले. किराणा, हमाली, पडेल ते काम आणि घोडागाडी हाकणं, असं सगळं त्यांनी केलं. घर सतत हलत राहिलं आणि १९१० मध्ये मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात एकदाचं स्थिर झालं. आई अमेलिया, बेंडिगोची. सोन्याच्या खाणींच्या दिवसांत तिचे आईवडील इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून आले होते. बारा भावंडांत ती सगळ्यांत धाकटी, आणि तिचं स्वतःचं लग्न अठरावं पूर्ण व्हायच्या आत झालेलं.

वडिलांच्या बाबतीतली एक गोष्ट बहुतेक लोक ओझरती वाचून पुढे जातात, मी मात्र तिथे दर वेळी थांबतो. त्यांचं मूळ आडनाव मार्टिन नव्हतं. ते चार्ल्स मार्क्स होते. ज्यूंविषयीचा आकस त्या काळी उघड होता, त्याचा त्रास नको म्हणून ऑस्ट्रेलियात आल्यावर त्यांनी नाव बदललं. म्हणजे नवं नाव घेऊन नवं आयुष्य सुरू करता येतं, हे या घराने प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे काय, तेही त्या काळच्या नजरेने बघायला हवं. व्हिक्टोरिया राज्यात शाळा सक्तीची होती ती चौदा वर्षांपर्यंत. त्यानंतर गरिबाघरचा मुलगा कामाला लागायचा. जिमही शेतावर कामाला लागला होता. शिवाय १९११ पासून मुलांना लष्करी शिक्षण सक्तीचं झालं होतं: बारा ते चौदा वर्षांची पोरं ज्युनियर कॅडेट, चौदा ते अठरा सीनियर कॅडेट. जिमने दोन्ही केलं. म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला कवायत येत होती, अंगमेहनतीची सवय होती, आणि आठवड्याचा पगार तो घरी आणत होता. आपल्या नजरेला जो शाळकरी पोरगा दिसतो, तो त्याच्या गल्लीला कमावता मुलगा दिसत होता. तुमच्या मुलाला हे आवर्जून सांगा, नाहीतर तो स्वतःला जिमच्या जागी ठेवून बघेल आणि गोष्ट चुकीची समजेल.

ऑस्ट्रेलियाचं हे सैन्य पूर्णपणे स्वेच्छेचं होतं. सक्तीच्या भरतीसाठी १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा सार्वमत घेतलं, दोन्ही वेळा लोकांनी नाकारलं. तरीही पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या देशातून चार लाखांवर माणसं भरती झाली आणि साठ हजारांवर परत आली नाहीत. साध्या सैनिकाला दिवसाला सहा शिलिंग पगार होता, शेतमजुराच्या मानाने बरा. पण माझ्या वाचनातल्या कोवळ्या पोरांमध्ये पैशासाठी गेलेले थोडेच. मोठी पोरं निघालीत आणि आपण मागे राहू, ही धास्ती जास्त.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये भरती सुरू झाली तेव्हा अटी कडक होत्या. वय १८ ते ३५, उंची ५ फूट ६ इंच, छाती ३४ इंच. पहिल्या वर्षात आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना परत पाठवलं. दात खराब म्हणून, नजर अधू म्हणून, पाय सपाट म्हणून. वयाचं मात्र तोंडी चालत होतं. जन्माचा दाखला कुणी मागत नव्हतं. डॉक्टर उंची, वजन, छाती मोजायचा आणि सांगितलेलं वय शोभतंय का एवढं बघायचा. एकच आडकाठी होती: एकवीस वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांची लेखी संमती लागायची. जिमने वय अठरा सांगितलं, तरी एकवीसच्या आतलंच. म्हणून हे संमतिपत्र.

इथे तो पेच सुरू होतो. जिमने घरात सांगितलं की मी जाणार. आईवडील नाही म्हणाले. मग तो म्हणाला, तुम्ही सही दिली नाही तर मी दुसऱ्या नावाने भरती होईन आणि तुम्हाला एकही पत्र लिहिणार नाही.

मोठ्या माणसाला ही पोरकट धमकी वाटेल. मला अशी पोरं कागदांवर भेटली आहेत, त्यामुळे मला ती तशी वाटत नाही. खोट्या नावाने भरती होणं तेव्हा अगदी सोपं होतं. मेलबर्नला कुणी ओळखलं तर सिडनीची गाडी पकडायची, वाटेत जे सुचेल ते नाव घ्यायचं, "जवळचा नातेवाईक" या रकान्यात एखाद्या मित्राचं नाव टाकायचं किंवा कुणीच नाही म्हणून सांगायचं. संमतिपत्रही मग मित्रच लिहून द्यायचा. आणि या घरात तर वडील स्वतः बदललेल्या नावाने जगत होते. अमेलियाने ती धमकी पोकळ समजली नाही, आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं.

खोटं नाव घेतलेल्या मुलाचं पुढे काय व्हायचं? तो मेला की तार जायची ती त्या खोट्या नातेवाइकाकडे. पुष्कळदा तो पत्ताच अस्तित्वात नसायचा. घरी आई वाट बघत बसायची, वर्षानुवर्षं. लढाई संपल्यावर काही घरांनी शपथपत्रं करून सिद्ध केलं की अमुक नावाचा सैनिक म्हणजे आमचाच मुलगा. अशा फायलींवर दोन नावं असतात, एक खोडलेलं, एक वर लिहिलेलं. एका घरासाठी मी अशी फाइल लावून दिली होती. आजीचा भाऊ १९१५ साली घरातून निघून गेला एवढंच त्यांना ठाऊक होतं. हाती काय आलं, तर शपथपत्राखाली त्याच्या आईची थरथरती सही, १९२१ सालची. सहा वर्षं तिला कळलं नव्हतं की कुणासाठी रडायचं. ती फाइल वाचल्यापासून अमेलिया मार्टिनच्या सहीकडे मी वेगळ्या डोळ्यांनी बघतो. तिने मुलगा वाचवला नाही. तिला तो वाचवता येणारच नव्हता. पण तो आपल्या हाताबाहेर गेला तरी आपल्या पत्त्यावरच राहील, एवढं तिने त्या एका सहीने मिळवलं.

१२ एप्रिल १९१५ ला जिम भरती झाला. वय कागदावर १८, खरं वय १४ वर्षं ३ महिने. सैनिक क्रमांक १५५३, २१ वी बटालियन.

ही तारीख तुमच्या मुलाला वहीत मोठ्या अक्षरात लिहायला सांगा. गॅलिपोलीवर ऑस्ट्रेलियन सैन्य उतरलं ते २५ एप्रिलला. म्हणजे अमेलियाने सही केली तेव्हा ती लढाई सुरूच झाली नव्हती. तोवर या युद्धात मेलेले ऑस्ट्रेलियन अगदी थोडे. न्यू गिनीकडे काही, एमडेन या जर्मन युद्धनौकेशी झालेल्या चकमकीत काही. रस्त्यावरच्या साध्या माणसाला युद्ध म्हणजे बँड, मिरवणूक आणि इजिप्तमधून येणारी पोस्टकार्डं. पुढच्या तीन-चार आठवड्यांत सगळं पालटलं. मे महिन्यात वर्तमानपत्रांतून मृतांच्या याद्या यायला लागल्या आणि त्या लांबतच गेल्या.

आणि जिम निघाला २८ जूनला. मधले अकरा आठवडे तो ब्रॉडमेडोज आणि सीमोरच्या छावण्यांत होता, घरापासून फार लांब नाही. त्या काळात आईने जन्माचा दाखला घेऊन छावणीत जायचं ठरवलं असतं तर मुलगा परत मिळाला असता. असं करणारे आईबाप होते. "वय कमी" असा शेरा मारून घरी धाडलेल्या पोरांच्या फायली मी पुष्कळ पाहिल्यात. म्हणून माझ्या मते तुमच्या मुलाचा प्रश्न थोडा पुढे सरकवायला हवा. एप्रिलमध्ये सही कशी केली, हे समजण्यासारखं आहे. मे आणि जूनमध्ये त्या याद्या वाचून ती गप्प कशी राहिली?

तिच्या मनात काय होतं ते कागद सांगत नाहीत. एवढं मात्र दिसतं की धमकी अजून तशीच उभी होती. आज दाखला दाखवून परत आणलेला मुलगा उद्या रात्री खिडकीतून निघून गेला असता, आणि या वेळी नाव दुसरं. छावणीतून परत आणलेली पोरं महिनाभरात दुसरीकडे भरती झाल्याच्या नोंदी याच फायलींमध्ये सापडतात. वयात आलेला, हट्टाला पेटलेला एकुलता मुलगा घरात बांधून ठेवता येत नाही, हे ज्यांच्या घरात असा मुलगा आहे त्यांना मी काय सांगणार.

बेरिमा नावाच्या जहाजाने तो इजिप्तला गेला. तिथून ऑगस्टअखेर अलेक्झांड्रियाहून साउथलँड या जहाजावर चढला, गॅलिपोलीसाठी. २ सप्टेंबरला लेमनॉस बेटाजवळ एका जर्मन पाणबुडीने साउथलँडला टॉर्पेडो मारला. जहाज बुडालं नाही. काही जण आपणहून खाली बॉयलरपाशी गेले, कोळसा घालत राहिले आणि ते बंदराला लावलं. पण माणसं उतरवताना आणि पाण्यात चाळीसच्या आसपास लोक गेले, त्यात सहाव्या ब्रिगेडचे प्रमुख कर्नल लिंटनही. जिम चार तास समुद्रात होता. दुसऱ्या जहाजाने उचललं तेव्हा कुठे बाहेर आला. शत्रूचं तोंडही बघितलेलं नव्हतं अजून.

८ सप्टेंबरला तो गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला. ऑगस्टमधला मोठा हल्ला फसून गेला होता. आता दोन्ही बाजू खंदकांत समोरासमोर बसून होत्या. जिमची जागा कोर्टनीज पोस्ट. मोनॅश व्हॅली नावाच्या घळीच्या वरच्या टोकाला, सुळक्याच्या कडेवर लटकलेली चौकी. खाली उभा उतार, वर खंदक, आणि समोर तुर्की खंदक जिमच्याच शब्दांत सत्तर यार्डांवर. आपल्या गल्लीतलं समोरून चौथं-पाचवं घर, एवढंच अंतर. मे महिन्यात अल्बर्ट जॅका या ऑस्ट्रेलियन सैनिकाने ज्या झटापटीत व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं ती याच चौकीवर. सप्टेंबरात तसं काही घडत नव्हतं. पाळ्या, खणणं, पाणी वर आणणं, मधूनच एखादी गोळी.

मराठी वाचकांना म्हणून एक सांगतो. त्या घळीतून पाणी, बिस्किटं आणि दारूगोळा वर यायचा तो पुष्कळसा खेचरांवरून, आणि ती खेचरं हाकणारे आपले होते, हिंदुस्थानी म्यूल कोअरचे. डोंगरी तोफखान्याच्या दोन हिंदुस्थानी बॅटऱ्याही त्याच टेकड्यांवर ऑस्ट्रेलियनांच्या बरोबरीने लढत होत्या. बहुतेक पंजाबचे लोक. जिमने प्यायलेलं पाणी त्यांच्या हातून आलेलं असणार. इथल्या शाळांत हे आता कुठे शिकवायला लागलेत. तुमच्या मुलाने चार ओळी जरूर घालाव्यात.

आता पत्रं. सगळ्या कथेत मला हाच भाग सगळ्यांत जड वाटतो.

जिमने शब्द पाळला. तो घरी लिहीत राहिला. ९ ऑक्टोबरच्या पत्रात तो आईवडिलांना सांगतो की माझी काळजी करू नका, माझं इथे छान चाललंय. आणि मग विचारतो की पत्र का नाही. व्हिक्टोरिया सोडल्यापासून मला एकही पत्र मिळालेलं नाही, मी मात्र वारंवार लिहितोय, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. जूनअखेरपासून ऑक्टोबर, सव्वातीन महिने. घरून पत्रं जात नव्हती असं नाही. पण पत्र आधी जहाजाने इजिप्तला, तिथल्या लष्करी टपालात, मग बटालियन कुठे आहे ते शोधून पुढे बेटावर, तिथून होडीने किनाऱ्यावर. माणूस दोन पावलं पुढे गेला की पत्र मागेच. नंतर तुकड्या भरायला पाठवलेल्या माणसांचं टपाल तर हमखास चुकायचं.

म्हणजे बघा. पत्र येत राहावं म्हणून आईने सही दिली. त्याची पत्रं तिला येत राहिली. तिची त्याला पोचली नाहीत. चौदा वर्षांचं पोर, चार तास समुद्रात काढून आलेलं, सत्तर यार्डांवर बंदुका, आणि घरच्यांनी आपल्याला टाकलं तर नाही ना, असं एका ओळीत विचारतंय, तेही रागावून नाही. मी ते पत्र लोकांना मोठ्याने वाचून दाखवायचं सोडून दिलंय. त्या ओळीपाशी आवाज राहत नाही.

त्याला गोळीने मारलं नाही. गॅलिपोलीवर त्या शरद ऋतूत आजाराने खाट धरलेल्यांची रीघच लागली होती. कारणं अगदी साधी, गावाकडच्या माणसाला लगेच कळतील अशी. उथळ संडास, मधल्या मोकळ्या जागेत महिनोन्‌महिने पडलेली प्रेतं, पाण्याचं मोजून रेशन, आणि या सगळ्यावर माश्या. बिस्किटाला जर्दाळूचा जॅम लावला की तोंडाशी नेईपर्यंत तो काळा व्हायचा, इतक्या. हात धुवायला पाणी नाही. टायफॉइडची लस सैनिकांना दिलेली असायची, पण त्याचे जवळचे ताप आणि हगवण तिला जुमानत नव्हते, आणि उपाशी, झोप नसलेल्या शरीरात लसही किती टिकणार. ऑक्टोबरच्या मध्यात एका रात्री मुसळधार पाऊस आणि कडाक्याची थंडी पडली. जिम त्या रात्री खंदकात होता. अंग गारठून गेलं. तरीही तो पुढे कित्येक दिवस आपल्या जागेवर राहिला. आजारी आहे म्हणून सांगितलं तर डॉक्टर तपासणार, आणि नीट तपासलं तर वय उघडं पडणार, अशी भीती त्याला असेल का? मला तसं वाटतं. हा माझा अंदाज आहे. कागदावर तसं लिहिलेलं नाही.

२५ ऑक्टोबर १९१५ ला त्याला टायफॉइडने पार खंगलेल्या अवस्थेत खाली आणलं आणि ग्लेनार्ट कॅसल या इस्पितळ-जहाजावर चढवलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. जहाजावरच्या मेट्रनने नंतर अमेलियाला पत्र लिहिलं, त्यात हे सगळं आहे. त्याला स्वच्छ बिछान्यात निजवलं. आता बरं वाटतंय, असं तो म्हणाला. परिचारिकेने जे जे केलं त्याबद्दल तिचे आभार मानले. मग झोपायला म्हणून कूस वळला, आणि अचानक हृदय बंद पडलं. सहा वाजून चाळीस मिनिटं. जहाजावर येऊन दोन तासही झाले नव्हते. वय १४ वर्षं ९ महिने.

देह समुद्रात सोडला. त्या किनाऱ्यावर आजाराने गेलेल्या कित्येकांचा तसाच. ते जहाजही पुढे उरलं नाही, फेब्रुवारी १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडवलं.

मेट्रनच्या पत्राविषयी थोडं. अशी पत्रं मी शेकडो वाचली आहेत आणि त्यांची एक ठरलेली भाषा असते: त्रास झाला नाही, शांतपणे गेला, शेवटपर्यंत हसतमुख होता. पुष्कळदा ते खरं नसतं. आईला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं असतं. जिमच्या पत्रातली आभार मानल्याची गोष्ट मला मात्र खरी वाटते. ती ठरीव वाक्यांतली नाही. जवळजवळ सात आठवडे खंदकाच्या मातीत निजलेल्या पोराला कोरडी चादर मिळाली आणि त्याने "थँक यू सिस्टर" म्हटलं, इतकी साधी गोष्ट कुणी रचत नाही. ते पत्र अमेलियाच्या हातात पडलं कारण जहाजावरच्या कागदात तिचं नाव आणि हॉथॉर्नचा पत्ता होता. सही दिली नसती तर मेट्रनने ते लिहिलं असतं कुणाला?

त्याला "गॅलिपोलीवर मेलेला सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन" म्हणतात. तुमच्या मुलाने त्यात "आजवर ठाऊक असलेल्यांपैकी" एवढे शब्द घालावेत. खोट्या नावाने गेलेली जी पोरं कधी सापडलीच नाहीत, त्यांचं वय कोण सांगणार? जिम मोजला गेला कारण त्याच्याबाबतीत फक्त वय खोटं होतं. नाव, आई, पत्ता, सगळं खरं. आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅलेक कॅम्पबेलचंही नाव लिहावं. टास्मानियाचा, सोळाव्या वर्षी वय वाढवून गेलेला, त्याच्याही आईवडिलांनी होकार दिलेला. तोही गॅलिपोलीवर होता, नोव्हेंबरात पोचला. तो परतला, लग्नं केली, मुलंबाळं झाली, आणि २००२ मध्ये १०३ वर्षांचा होऊन गेला. गॅलिपोलीवर लढलेला जगातला शेवटचा माणूस. तेच खोटं, तशीच सही. त्याच्या आईवडिलांना कुणी वाईट म्हणत नाही.

फाइल कशी बघायची ते विचारलंत. नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ ऑस्ट्रेलियाने पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ३,७६,००० सैनिकांच्या फायली स्कॅन करून फुकट खुल्या केल्या आहेत. आपल्याकडच्या सरकारी नोकराच्या सर्व्हिस बुकासारखीच ही गोष्ट: भरतीचा फॉर्म, वैद्यकीय तपासणी, कुठून कुठे गेला, आजार, मृत्यू, नंतरचा पत्रव्यवहार, पदकांच्या पावत्या. नाव आणि १५५३ हा क्रमांक टाकला की सापडेल. मुलाला आधी भरतीचं पान बघू द्या. त्यात वय विचारलंय, धंदा विचारलाय, जवळचा नातेवाईक विचारलाय. प्रत्येक उत्तरापुढे स्वतः विचारायला सांगा: हे खरं की खोटं? फोटो मात्र ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संग्रहात आहे, गणवेशातला. ओठावर मिसरूडही नाही. तो फोटो बघितल्यावर डॉक्टरला अठरा वर्षं कशी पटली हा प्रश्न पडतोच, आणि पडू द्यावा.

माझं गाव साताऱ्याकडचं. तिथल्या कित्येक गावांत वेशीवर किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. अपशिंग्यात तो आकडा ४६ आहे. पाटीवर आकडा असतो, नावं नसतात. त्यांत चौदा-पंधरा वर्षांचं कुणी होतं का, कुणाच्या आईने काय म्हटलं, कुणाचं पत्र आलं नाही, हे त्या दगडावरून कधीच कळणार नाही. लहानपणी त्या पाटीखाली आम्ही गोट्या खेळायचो. या कामाला लागल्यावर मला तिची पहिल्यांदा आठवण झाली.

गॅलिपोलीला मी दोनदा गेलो आहे. लोन पाइनच्या स्मारकावर, ज्यांना कबर नाही अशांची नावं कोरलेली आहेत, पाच हजारांच्या घरात. कबरींच्या दगडांवर पुष्कळदा वय असतं, या भिंतींवर नाही. फक्त बटालियन, हुद्दा, आडनाव आणि आद्याक्षरं. मुलाला घेऊन कधी गेलात तर २१ व्या बटालियनच्या नावांत शोधा: मार्टिन, जे. सी.